शिकवणीच्या यंत्रातला बिघाड

गणित शिकवावं तर आम्हीच! बावीस वर्षं शाळेत हेच केलंय. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते. आणि माझीच दहा वर्षांची लेक अपूर्णांक म्हटलं की पोट धरून झोपायची!

"अहो, तुम्ही शिकवायला बसलात की दुखतं तिचं," बायको म्हणाली.

मी कानाडोळा केला. शाळेने शिकवणीचे रोबो घरी वापरायला दिले होते, त्यातला एक उचलून आणला. म्हटलं, महिन्याभरात पोरगी वर्गात पहिली!

रोबो कुकरएवढा. मान डोलवायचा, हिरवे डोळे मिचकावायचा. लेकीने त्याला गोट्या नाव ठेवलं. पहिल्या दिवशी मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. ती चुकली. मी नुसता खाकरलो, तर गोट्या थांबला.

"ताई घाबरली आहे. जरा थांबू या."

"कोण घाबरलंय?" मी ओरडलो.

"आता जास्त घाबरली आहे."

दुसऱ्या दिवशी पडद्याआड लपलो. पोरगी पडद्याखालचे माझे पाय बघत बसली. तास बंद! तिसऱ्या दिवशी कपाटात शिरलो, तर आत शिंक आली. लेकीच्या हातातली पेन्सिल गळून पडली.

"ताई घाबर..."

"गप्प बस!" मी कपाटातूनच गरजलो, आणि बाहेर येऊन कंपनीला फोन लावला. "यंत्र बिघडलंय! शिकवायचं सोडून नाडी बघतंय!"

दुरुस्तीवाली बाई आली. तिने गोट्याला उलटासुलटा करून पाहिला.

"सर, तुम्हीच बसा समोर. विद्यार्थी म्हणून."

बसलो. मला कसली भीती!

"तीन छेद चार वजा दोन छेद तीन किती?" गोट्याने विचारलं.

हे तर मी झोपेतही सोडवीन. पण बायको, लेक, ती बाई, सगळ्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"एक!" मी बोलून बसलो. वरच्यातून वरचा, खालच्यातून खालचा! ज्या चुकीसाठी मी पोरांना बाकावर उभं करतो, नेमकी तीच!

"छान प्रयत्न. पुन्हा करू या?"

मी घड्याळाकडे बघत खुर्चीतून उठायला लागलो. लेक हळूच जवळ आली आणि माझ्या कानाशी लागली.

"बाबा, घाबरू नका. हा ओरडत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! इतकी वर्षं ही पोर माझ्यासमोर अशीच बसत होती.

बाईने तक्रारीचा अर्ज पुढे केला. "यंत्र ठणठणीत आहे, सर. पण 'बिघाड कशात' हा रकाना रिकामा सोडता येत नाही."

बायको छताकडे बघायला लागली. शेवटी मीच पेन घेतलं आणि लिहिलं, 'वडील'.

अक्षर मात्र सुरेख आलं!