अप्पांचं सुटं-सुटं सॉफ्टवेअर

आमच्या मानवतच्या कॉलेजात विश्वनाथअप्पांना "तयार सॉफ्टवेअर टाका की" म्हणणं म्हणजे त्यांना शिवी देणं. अप्पा कॉम्प्युटर लॅब सांभाळतात. सॉफ्टवेअर ते फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलंच घेतात. पण तेही दोन बटणं दाबून टाकत नाहीत. त्याचा मूळ कोड उतरवतात, सुटे भाग करतात आणि एकेक भाग मशीनवर स्वतः बांधतात.

"आख्खं कशाला बांधायचं, सर? एक भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा. बाकीचं चालू ऱ्हातंय."

ऐकायला लय गोड! भोगायला ऑफिसात मी आहे. एक भाग नवा केला की शेजारचा जुना त्याला ओळखच देत नाही. मग तोही बांधा. मग त्याच्या शेजारचा. कोणता आधी, कोणता नंतर, हे फक्त अप्पांच्या डोक्यात. विचारलं की, "दम धरा, बिल्ड व्हायलंय."

परवा तर कहर झाला. दुसऱ्या दिवशी परीक्षा, हॉल तिकिटं काढायची, आणि पडद्यावरून छपाईचं बटणच गायब.

"तुमीच म्हनले ना, मशीन लय हळू चालतंय?" अप्पा शांतपणे म्हणाले. "म्हून छपाईचा भाग वगळला."

प्राचार्य मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. अप्पा तो भाग बांधायला बसले, तो काही जुळेना, आणि चार वाजता "जरा घरी जाऊन येतो" म्हणून चक्क निघून गेले!

मी तणतणत मोंढ्यामागं त्यांच्या घरी पोचलो. दार उघडंच होतं. अप्पा कॉम्प्युटरपुढं, शेजारी त्यांच्या पत्नी महानंदाकाकू. काकू झरीच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. शुगरनं त्यांची नजर गेली. कॉम्प्युटर त्यांना पेपर वाचून दाखवत होता.

"पुन्हा 'केली' म्हनला बघा! केळी हो, केळी," काकू वैतागल्या. "पहिलीच्या लेकरांकडून ळ घोटवून घेतला मी, ह्याला जमंना."

"करायलाव, करायलाव," अप्पा टायपत होते.

"अप्पा, सगळंच तयार मिळतं की!" मी दारातूनच ओरडलो.

"मिळतंय. पर समदं काढून टाकावं लागतंय. दोन दिवस मशीन बंद." त्यांनी आवाज खाली आणला. "दिवसभर मी कॉलेजात. तिच्याशी बोलायला घरात दुसरं कोन हाय? म्हून तेवढा आवाजाचाच भाग बदलायलाव."

मी बाहेर येऊन मॅडमना फोन केला, तासभर लागेल म्हणालो. हॉल तिकिटं शेवटी साडेसहाला निघाली; तो तास मात्र मी तिथंच बसून होतो.

पाचाच्या सुमाराला मशीन खणखणीत म्हणालं, "केळी. बाभूळ. जवळा बाजार."

"शाब्बास!" काकूंनी चाचपडत मशीनच्या पाठीवर हात फिरवला.

अप्पा खाली मान घालून बसले होते. मग उठून चपला घातल्या. "चला सर, आता छपाईचा भाग बांधू."