गवंड्याच्या हातचे मफिन

“भोक दिसलं की बुजव, पोरा! भिंतीत राहिलेलं भोक गवंड्याची अब्रू घालवतं!”

उस्तादाचा हा खणखणीत आवाज तरुणपणी मिस्त्रींच्या कानात शिरला आणि तिथंच बिऱ्हाड करून राहिला. उस्ताद गेले, गवंडीकाम सुटलं, मिस्त्रींचे केस चुन्यासारखे पांढरे झाले; पण छिद्र दिसलं की बोटं अजून वळवळत!

घरातली एक पोकळी मात्र त्यांना बुजवता येईना. नवी सून गुणाची, हसरी. पण बोलणं म्हणजे “हो”, “नको”, “चालेल”. मुलगा कामावर गेला की घर असं गप्प होई, की घड्याळानंसुद्धा टिकटिकायला बिचकावं! पोरीला हे घर परकं वाटतंय, हे मिस्त्रींच्या काळजाला लागलं होतं. एकदा त्यांनी विचारलं, “माहेरी न्याहारीला काय असायचं गं?”

“इंग्लिश मफिन.”

झालं! मिस्त्रींना किल्ली सापडली.

“घरी करणार! अगदी पीठ मळण्यापासून!” त्यांनी बायकोला सुनावलं.

“तुम्ही? चहा ठेवायचा तर साखरेचा डबा सापडत नाही तुम्हाला!”

“अगं, इमारती उभ्या केल्यात मी! माल कालवायचा आणि थापायचा. त्यात काय एवढं?”

सून मैत्रिणीकडे गेली तशी त्यांनी तव्यावर भाजायच्या या गोल पावांचा फोनवर अर्धाच व्हिडिओ पाहिला, “पुढचं कळलं!” म्हणाले, आणि मैदा, कोमट दूध, यीस्ट कालवून झाकून ठेवलं.

काही वेळानं फडकं उचललं आणि मिस्त्री जागीच खिळले. पीठ वर आलं होतं! गोल, गुबगुबीत, पोटभर दूध पिऊन निजलेल्या बाळासारखं. जन्मभर त्यांनी सिमेंटचा माल कालवला. ठेवला तिथं मुकाट बसला, दगड झाला. हे मात्र अंधारात आपलं आपण वाढलं. ना हाक, ना धाक!

“अगं ए, बघ,” ते कुजबुजले, “जिवंत आहे हे!”

“मग बारसं करून टाका!”

पण वाकून बघतात तो काय, अंगभर बुडबुडे! छिद्रंच छिद्रं! कानातला उस्ताद गरजला. मिस्त्रींनी माळ्यावरची गवंडीकामाची थापी काढली, घासून धुतली आणि पीठ असं गुळगुळीत केलं, की आरशानं लाजावं. ते पुन्हा फुगलं. पुन्हा थापी! पुन्हा फुगलं!

“हट्टी आहे. तुमच्यावर गेलंय,” बायको म्हणाली.

मग मात्र पीठ निपचित पडलं. मिस्त्रींचा जीव खालीवर. जीव गेला की काय याचा? घाबरून त्यांनी उरलेलं सगळं यीस्ट दुधात कालवून आत ओतलं. आणि पीठ उठलं! पातेल्याबाहेर आलं, ओट्यावर पसरलं, ओट्याखाली निघालं. सून दारात आली तेव्हा सासरे तोंडात थापी धरून पिठाला मिठी मारून उभे होते.

“बाबा, थांबा!” ती ओरडली. या घरात पहिल्यांदा ओरडली! “भोकं काय बुजवताय? भोकांसाठीच तर एवढा खटाटोप! लोणी कुठं मुरणार मग?”

तिनं बाह्या सरसावल्या. “आई, वाटी द्या, गोल कापू. बाबा, तवा ठेवा. गॅस मंद! मंद म्हटलं मी!” दोघं म्हातारे बिगाऱ्यांसारखे पळत सुटले.

मफिन तव्यावर सोनेरी झाले. एकाच्या कडेनं काटा टोचत टोचत तिनं त्याचे दोन भाग केले. वाफ उठली. मिस्त्री बघतच राहिले. आत केवढी घरं, केवढ्या गल्ल्या, केवढ्या चोरवाटा! लोणी एकेका दारातून हळूच आत शिरत होतं. अशी इमारत त्यांनी उभ्या जन्मात बांधली नव्हती!

“खा पोरी, पहिला मान तुझा!” त्यांनी बशी पुढं केली. “तुझ्या आवडीचं ना?”

सुनेनं बशी हातात घेतली. मिस्त्रींना वाटलं, आता पुन्हा “हो” म्हणून मिटणार ही!

“बाबा, खरं सांगू? आवडतं असं कधी म्हणाले मी? काय असायचं विचारलंत, ते सांगितलं! माझी आई रोज हेच करायची. पाहुणे येवोत, ताप येवो, मफिन! लग्नाच्या दिवशी सगळे रडत होते, आणि मी मनात म्हणत होते, सुटले बाई एकदाची या मफिनमधून!”