नव्या रिमोटची पूजा

सुनयनाच्या घरचा टीव्हीचा रिमोट गेला तो कपडे भिजवलेल्या बादलीत. दीड वर्षाच्या रणजीतने तो आईच्या डोळ्यांदेखत पोहायला सोडला आणि ती धावून जाईपर्यंत तो तळाशी जाऊन बसलाही. मग तो उन्हात वाळवून झाला, फ्रिजच्या मागच्या गरम जाळीवर ठेवून झाला, पण त्याने प्राण सोडला तो सोडलाच. त्याच कंपनीचा दुसरा मिळेना, तेव्हा कुठल्याही टीव्हीला चालणारा 'युनिव्हर्सल' रिमोट घ्यायचं ठरलं, आणि तो घ्यायला अब्दुल्लाभाईंशिवाय कुणाकडे जाणार?

अब्दुल्लाभाई मूळचे उरणचे. सेक्टरच्या मार्केटात त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि बिऱ्हाड सिडकोच्या बिल्डिंगीत सुनयनाच्या दारासमोरच. त्यांची बायको मरियमभाभी रोज दुपारी तीन ते पाच रणजीतला सांभाळायची, म्हणून तर सुनयनाला टायपिंगच्या क्लासला जाता यायचं. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. ते दोन तास नसते, तर तिची परीक्षा स्वयंपाकघरातच संपली असती.

अब्दुल्लाभाईंनी रिमोटात टीव्हीच्या कंपनीचा नंबर भरला, दुकानातल्या तशाच टीव्हीवर चालवून दाखवला आणि हातात देताना म्हणाले, "भाभी, याचा सगला जीव या पुढच्या काचेत हाय. तेवढी जपा."

सुनयनाने घरी येऊन हे सासूबाईंना शब्दशः सांगितलं. तिच्या सासूबाई, बाळाबाई, कोरेगावकडच्या. घरात आलेली नवी वस्तू हळदीकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, हा त्यांचा नेम; मुलाच्या, म्हणजे कुलदीपच्या, स्कूटरपासून मिक्सरच्या भांड्यापर्यंत कुणी त्यातून सुटलेलं नव्हतं. एकदा लावलेलं पुसायचंही नाही, आपोआप झडेल तेव्हा झडेल. रिमोटचा जीव कुठे आहे ते कळल्यावर त्यांना जागा शोधावी लागली नाही. जिथं जीव तिथंच पूजा. त्यांनी काचेवर कालवलेल्या हळदीचं बोट ओढलं, त्यावर कुंकू दाबलं, वर दोन अक्षता चिकटवल्या आणि रिमोट मुलाच्या हाती दिला.

टीव्ही ढिम्म.

कुलदीप पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांवरचा अधिकारी. त्याने सेल उलटसुलट केले, काढून तळहातावर चोळले, एक दातांत धरून चावलासुद्धा. नवे सेल आणले. पुस्तिकेतले एकूण एक नंबर दाबून झाले. खुर्चीवर चढून, जमिनीवर पालथं पडून, पडद्यापासून वीतभरावरून नेम धरून झाला. आणि हे सगळं करताना कुंकू फिसकटू नये म्हणून रिमोट दोन्ही बाजूंनी, देवाचा टाक धरावा तसा, अलगद धरलेला.

दुसऱ्या दिवशी सुनयना दुकानात गेली. अब्दुल्लाभाईंनी रिमोट हातात घेतला, पुढून पाहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मुकाट्याने नवा काढून दिला. तोही दुकानात झकास चालला. या वेळी त्यांनी जरा चाचरत सांगितलं, की पुढची काच मोकळी ठेवा, तिथे काही लागू देऊ नका.

"ते धूळपान्याचं सांगत्यात," बाळाबाई म्हणाल्या. "कुंकू म्हंजी काय घान हाय व्हय?"

पहिल्या रिमोटला नजरच लागली असणार, असं त्यांचं मत पडलं. म्हणून दुसऱ्याला हळदीकुंकू थोडं जाड लागलं, आणि वर काजळाची तीटही.

तोही चालला नाही तेव्हा मात्र सुनयनाचा तोल गेला. क्लासमध्ये आदल्या दिवशी तिने चुकांचा विक्रम केला होता, रणजीतचे दात येत होते, आणि कुलदीपने "तुला नीट बघून घेता येत नाही का" असं विचारलं होतं. ती तणतणत दुकानात शिरली. तिथे सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको नंदिनी इस्त्री घ्यायला आलेली. सुनयनाने रिमोट काउंटरवर आदळला.

"शेजारी म्हणून विश्वासानं आले, अब्दुल्लाभाई. तर तुम्ही पडीक माल आमच्याच गळ्यात बांधताय?"

नंदिनी इस्त्री विसरून ऐकू लागली. अब्दुल्लाभाई मान खाली घालून म्हणाले, "बरोबर हाय तुमचं," आणि काउंटरवरचा आपला रोजच्या वापरातला, बटणं झिजलेला रिमोट नंबर भरून तिच्यापुढे ठेवला. "हा घेऊन जा. हा तरी चालल."

तो चालला. जुनी वस्तू, दुसऱ्याच्या वापरातली. तिची पूजा कसली करायची, म्हणून बाळाबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं नव्हतं. सुनयनाने जिन्यात नंदिनीला गाठून सांगितलंही, की आवाज चढवल्याशिवाय दुकानदार सरळ येत नाहीत. त्या दुपारी मरियमभाभी रणजीतला घेणार नाहीत अशी तिने मनाची तयारी केली होती. पण तीनच्या ठोक्याला दार उघडलं, भाभींनी हात पसरले आणि रणजीत आईकडे न बघता त्यांच्या खांद्यावर गेला. पाच वाजता तो परत आला तेव्हा त्याच्या ओठाला मऊ भाताची शितं होती. यांना दुकानातलं कळलेलं दिसत नाही, असं म्हणून सुनयनाने स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी सकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. रणजीत कार्टूनपुढे बसला होता. देवपूजा आटोपून बाळाबाई आल्या आणि जुना असला तरी आपल्या घरात नवाच की, असं पुटपुटत त्यांनी रिमोटच्या काचेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. सुनयनाने आवाज कमी करायला बटण दाबलं. आवाज तेवढाच. पुन्हा दाबलं. तिने रिमोटकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि पदराच्या टोकाने काच पुसून बटण दाबलं.

आवाज कमी झाला. इतका, की दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू येऊ लागला.

"म्हंजी," बाळाबाई हळूच म्हणाल्या, "त्या मानसाला तू माझ्यापायी बोललीस?"

सुनयनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? कुलदीपलाही नाही. पण तीन वाजता समोरचं दार उघडणार होतं, आणि त्या पसरलेल्या हातांत पोर कुठल्या तोंडाने द्यायचं? ती घडी घातलेलाच टॉवेल पुन्हा पुन्हा घालत राहिली. तेवढ्यात बाळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. "चल. चार मान्सांत बोललीस, चार मान्सांतच माफी मागायची."

दुकानात चार माणसं नव्हती. पंख्याचा रेग्युलेटर घ्यायला आलेला एकच अनोळखी गृहस्थ होता. सुनयना रणजीतला कडेवर सावरत त्याच्यादेखत म्हणाली, "अब्दुल्लाभाई, माल चांगला होता. आम्हीच त्याची काच हळदीकुंकवानं बुजवली आणि वर मी तुम्हाला बोलले. माझं चुकलं." त्या गृहस्थाला काही उमगलं नाही, तरी तो म्हणाला, "असू द्या, होतं असं."

अब्दुल्लाभाईंनी खालचा खण उघडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन्ही रिमोट बाहेर काढले. हळदीकुंकू, अक्षता, तीट, सगळं जसंच्या तसं.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?" सुनयनाने विचारलं.

"काच बघितल्याबरोबर कलला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कसा सांगू, भाभी? मावशीनी देवाचं म्हनून लावलेलं. आनि मी म्हननार, तुमच्या पूजेनं बिघडला?" ते ओशाळून हसले. "मरियम म्हनाली, तुमी पुसून विकून टाका. पन माझा हात होईना."

म्हणजे भाभींना सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. सुनयनाने रणजीतच्या मानेत तोंड लपवलं.

बाळाबाईंनी एकेका रिमोटला हात जोडले आणि पदराने काचा स्वच्छ पुसल्या. दोन्ही रिमोट दुकानातल्या टीव्हीवर खणखणीत चालले. अब्दुल्लाभाईंनी घड्याळाकडे बघून सांगितलं, की मरियम आज अर्धा तास आधीच पोराला घ्यायला येईल, परीक्षा जवळ आली म्हणत होती.

"आता यातला एक न्यायचा, म्हंजी लावायला तर पायजेच," बाळाबाई म्हणाल्या. "मग कुटं लावू, बाबा?"

अब्दुल्लाभाईंनी क्षणभर विचार केला. रिमोट पालथा केला, सेलच्या झाकणावर बॉलपेनने बारीक गोल काढला आणि तो दोन्ही हातांनी बाळाबाईंपुढे धरला.