अकरा आरसे आणि एक विमान

ताईच्या हातून आजवर एकही मोजा हरवला नव्हता, आणि ही गोष्ट ती कुणालाही, कुणी न विचारता, सांगायची. सकाळी सहा ते बारा ती एका मोठ्या लाँड्रीत धुलाईच्या मशिनांची दुरुस्ती करायची. तिथे रोज हजारभर कपडे यायचे. एखादा मोजा एकटा उरलाच, तर सगळे ताईकडे बघायचे. मग ताई मशिनच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायची आणि पळून गेलेल्या जोडीदाराला कान धरून बाहेर काढायची!

"वस्तू कधी हरवत नाही," ती म्हणायची. "हरवतो तो माणूस!"

अशा ह्या ताईने छत्तिसाव्या वर्षी विमानाची मेकॅनिक व्हायचं ठरवलं.

"विमानाची?" नवऱ्याच्या हातातला चहा डचमळला. तो शाळेची बस चालवायचा, आणि आजवर त्याच्या वाहनाची चाकं जमिनीवरून उचलली गेली होती ती फक्त खड्ड्यांत. "अगं, आपण अजून विमानात बसलेलोसुद्धा नाही!"

"बसायचं कशाला? मी खालून बघणार आहे."

सासूबाईंनी मात्र लगेच कौल दिला. "मशीन ते मशीन. एक फिरतं, दुसरं उडतं. जा तू, पोरीचं मी बघते."

झालं! सकाळी लाँड्री, दुपारी एक ते पाच हँगर, म्हणजे विमानं दुरुस्त करायची भलीमोठी शेड, तिथे शिकाऊ, संध्याकाळी नऊ वर्षांच्या लेकीचा अभ्यास आणि त्याच टेबलावर आईचा अभ्यास. लेक पाढे म्हणायची, आई बोल्टांचे आकार. कधीकधी दोघींची अदलाबदल व्हायची आणि लेक वर्गात उभी राहून भलतंच काहीतरी म्हणायची.

पण पहिल्या दिवशी हँगरमध्ये पाऊल टाकलं आणि ताईची बोलती बंद झाली. समोर विमान उभं होतं. तसं छोटंच, चाळीस माणसांचं, पंख्यांचं. पण आभाळात नखाएवढं दिसणारं ते धूड खालून बघताना तिची मान मागे मागे जात राहिली आणि शेवटी टोपी पडली. तिने हळूच पोटाखाली जाऊन पत्र्याला तळहात लावला. थंडगार! कालपर्यंत हे ढगांच्या वर होतं, आणि आज आपला हात ह्याला लागतोय. देवळात जाताना काढतात तशा तिने चपला काढल्या असत्या, पण जाड बूट घालायची सक्ती होती.

तिथले मुख्य साहेब म्हणजे एक वल्लीच होती. डोकं गुळगुळीत, अंड्यासारखं. आवाज हळू, पण कापणारा. सगळे त्यांना पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणत, कारण 'जवळजवळ' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला की ते माणसाकडे असे बघत, जणू त्याने शिवी दिली.

मिलिमीटर साहेबांनी पहिल्याच दिवशी हत्यारांचा फळा दाखवला. फळ्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची काळी आकृती रंगवलेली. हत्यार जागेवर असलं की आकृती झाकलेली; नसलं की काळी सावली तेवढी उरते.

"संध्याकाळी एकही सावली दिसता कामा नये," साहेब म्हणाले. "एक जरी दिसली, तर विमान जागचं हलणार नाही. मग आत कुणीही बसलेलं असो."

"माझ्याकडून नाही हो हरवायचं काही!" ताई म्हणाली. "लाँड्रीत विचारा!"

साहेब काहीच बोलले नाहीत. ह्या गोष्टीतलं ते शहाणपणाचं पहिलं वाक्य.

चौथ्या महिन्यात तो दिवस आला. विमान संध्याकाळी सहाला उडणार होतं. ताई आणि तिचा जोडीदार शिकाऊ, इतका उंच की सगळे त्याला 'शिडी' म्हणत, दोघांना मधल्या वाटेखालच्या केबली तपासायच्या होत्या. जमिनीचा एक पत्रा उघडलेला, खाली बोटाएवढ्या जाडीची केबल कप्पीवरून गेलेली. कप्पीची खालची बाजू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ताईच्या हातात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा होता. लहान, गोल, लांबणाऱ्या दांड्याचा.

तीनच्या सुमाराला ऑफिसातून हाक आली. "ताई! घरून फोन! तातडीचा!"

ती धावली.

"अगं," पलीकडून सासूबाई ओरडत होत्या, "मशिनचं दार उघडत नाही! पोरीचा गणवेश आत अडकलाय! आणि तो आतून माझ्याकडे बघतोय!"

"आई, दोन मिनिटं थांबा, आपोआप उघडतं ते!"

"तू विमानं दुरुस्त करतेस आणि घरातलं मशीन असं!"

फोन ठेवून ताई परत आली तोवर शिडीने पत्रा बसवून स्क्रूसुद्धा आवळले होते. "तुझं झालं होतं ना?" तो म्हणाला. "झालं होतं," ती म्हणाली. आणि झालंही होतं.

चार वाजता हत्यारं फळ्यावर लागली. पाना, पाना, पक्कड, टॉर्च. आणि मधोमध एक सावली. लहान, गोल, दांड्याची.

ताईने खिसे चाचपले. बूट काढून बघितले. मग पेटी उलटी केली.

शिडी खाली वाकून कुजबुजला, "घाबरू नकोस. माझ्या पेटीत माझा स्वतःचा आरसा आहे, हुबेहूब असाच. तो लावू. उद्या सावकाश शोधू."

सोपं होतं! हात लांब करायचा, सावली झाकायची. बाहेर प्रवाशांच्या बॅगा गाडीवर चढत होत्या. आणि हे कळलं तर तिला काढून टाकतील, चार महिन्यांची धावपळ पाण्यात जाईल, सासूबाईंचं, नवऱ्याचं, लेकीचं, सगळ्यांचं करणं वाया जाईल. ताईने शिडीकडे बघितलं, मग विमानाकडे. ते आपलं नाक वर करून शांत उभं होतं. त्याला काही ठाऊक नव्हतं.

"साहेब," ती पुढे होऊन म्हणाली, "माझा आरसा हरवलाय."

मिलिमीटर साहेबांनी घड्याळ बघितलं नाही. ओरडलेही नाहीत. फक्त मोठ्याने म्हणाले, "थांबवा!"

आणि सगळं थांबलं! बॅगांची गाडी थांबली. इंधनाची नळी गुंडाळली गेली. वैमानिक जिन्यावरून उलटा उतरला. वीस-बावीस माणसं, त्यांतली काही ताईच्या वडिलांच्या वयाची, टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसली आणि बोटभर वस्तूसाठी एक आख्खं विमान उलगडू लागली. कुणी एक अवाक्षर काढलं नाही. ताईला वाटलं, ह्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घाबरलेल्या माणसाला हरवलेली वस्तू जगात कुठेही असेल असं वाटतं. ताईला आठवलं, दोन वाजता नवरा डब्याची पिशवी परत घेऊन गेला होता. आरसा तीनपर्यंत हातातच होता, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. ती फोनकडे पळाली.

"आई! डब्याच्या पिशवीत आरसा आहे का बघा!"

मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. "काय? आरसा?"

"हो! आरसा! तो मिळाल्याशिवाय विमान उडणार नाही! माणसं खोळंबलीत!"

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

सासूबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला होता. लेकाच्या बसला मागचं बघायला आरसा असतो. विमानालाही असणारच! तो फुटला असणार! आणि चाळीस माणसं आपल्या सुनेच्या तोंडाकडे बघत बसली असणार!

पुढच्या अर्ध्या तासात काय झालं ते ताईला नंतर कळलं. सासूबाईंनी कपाटाचा आरसा सोडवला. दाढीचा घेतला. नातीच्या बाहुलीचासुद्धा घेतला, असू दे म्हणून. शेजारणीला सांगितलं. शेजारणीने जिन्यातून हाक मारली, "विमानासाठी आरसे हवेत हो!" माणसं चांगली असतात. विमान म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. नवरा मुलांना सोडून रिकामी बस घेऊन घरी आला, तर दारात आरशांची रांग! त्याने सगळं ऐकून घेतलं, गंभीरपणे मान डोलावली आणि पाना काढून बसचा बाहेरचा मोठा आरसाही सोडवला. "मोठं वाहन आहे," तो म्हणाला. "त्याला हाच बसेल."

पाच वाजता फाटकावरच्या पहारेकऱ्याने ऑफिसात फोन केला. "साहेब, इथे अकरा आरसे आलेत."

"आमचा एकच हरवलाय," मिलिमीटर साहेब म्हणाले. मग ताईकडे वळले. "तुमचं कुणी आहे वाटतं. जाऊन या. पाच मिनिटं."

ताई फाटकाशी पोचली तर डोळे दिपले! उतरत्या उन्हात सासूबाई कपाटाचा आरसा छातीशी धरून उभ्या होत्या, शेजारी लेक बाहुलीचा आरसा घेऊन, आणि नवऱ्याच्या हातात बसचा आरसा, ढालीसारखा. बाकीचे बसला टेकवून ठेवलेले. पहारेकरी डोळ्यांवर हात धरून म्हणत होता, "बाई, जरा तिरका धरा, मला काही दिसत नाही!" आणि त्या सगळ्या काचांत ताईला स्वतःचंच तोंड दिसलं. अकरा वेळा. ग्रीस लागलेलं आणि रडवेलं.

"चालेल ना ह्यातला एखादा?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, विमानाला आरसा नकोय." "मीच विमानात आरसा हरवलाय. माझ्यामुळे विमान अडलंय. मला बहुतेक काढून टाकतील."

सासूबाईंनी कपाटाचा आरसा बसला टेकवून ठेवला आणि पदराने तिच्या गालावरचं ग्रीस आणखी पसरवलं.

"मग इथे काय उभी आहेस? आत जा आणि शोध. आम्ही आहोत इथे."

ताई परतली तेव्हा विमान ओळखू येत नव्हतं. खुर्च्या बाहेर, गालिचा गुंडाळलेला, जमिनीचे सगळे पत्रे निघालेले. चार महिन्यांत तिने त्याचा एकेक कोपरा बघितला होता. अख्खं उघडं ते आज पहिल्यांदाच. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हातभर अंतरावर बरगड्या. त्यांच्यामधून वेणीसारख्या घट्ट विणलेल्या तारा, हजारो, आणि प्रत्येकीवर बारीक नंबर. कुणीतरी, कुठेतरी, तो प्रत्येक नंबर हाताने जागेवर लावला होता. ती आपली चिंता विसरली. तोंड उघडं ठेवून नुसती बघत राहिली.

"इकडे या," साहेबांनी बोलावलं. ते पोटावर झोपून मघाच्याच कप्पीपाशी टॉर्च मारत होते. ताई शेजारी पालथी पडली. कप्पीपासून जेमतेम वीतभर मागे, केबलच्या अगदी अंगाला लागून, तिचा आरसा चमकत होता! फोनकडे धावताना तिने तो 'एक मिनिट' कडेला ठेवला होता; तो तिथून घसरून बरगडीआड गेला होता, उभ्याने दिसत नव्हता.

"उचलू नका अजून. बोट केबलवर ठेवा." साहेबांनी पुढे हाक मारली, "शिडी, पायाचा पॅडल दाब. हळू."

ताईच्या बोटाखाली केबल सरकली. आवाज नाही, खडखड नाही. झोपलेल्या जनावराचा श्वास चालावा तशी. पुढे एका माणसाचा पाय हलला आणि दूर शेपटीवरचा पंख वळला. मध्ये हीच केबल. आणि केबलबरोबर आरशाचा दांडा सरकत सरकत कप्पीच्या तोंडाशी आला.

"बास!" साहेब म्हणाले.

आणखी बोटभर सरकला असता, तर दांडा कप्पीत अडकून केबल थांबली असती. ताईच्या अंगावर सरसरून काटा आला होता.

आरसा निघाला. पण साहेब उठेनात. त्यांचा टॉर्च एका बरगडीच्या मागे, एरवी कधीच न उघडणाऱ्या खोबणीत, स्थिरावला होता. त्यांनी दोन बोटं घालून काहीतरी ओढलं. काळा कंगवा! धुळीने माखलेला, तीन दात तुटलेले.

सगळे गोळा झाले. "कुणाचा असेल?" "विमान बनवताना राहिला असेल!" "जाऊ द्या हो, कोण विचारतंय आता!"

खरंच, कुणीही विचारलं नसतं. साहेबांनी कंगवा उलटसुलट केला. मग दुसरा हात नकळत आपल्या गुळगुळीत डोक्यावरून फिरवला.

"माझा आहे," ते म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी मी ह्याच विमानावर शिकाऊ होतो. तेव्हा," त्यांनी खाकरून घसा साफ केला, "तेव्हा गरज होती."

कुणाची हसायची छाती झाली नाही. साहेब ताठ चालत टेबलाशी गेले, हरवलेल्या वस्तूंचा कागद काढला आणि स्वच्छ अक्षरांत लिहिलं: आरसा, एक. कंगवा, एक. कंगव्यापुढे स्वतःचं नाव लिहून सही केली आणि पेन ताईपुढे धरलं.

"साहेब, मला काढून टाकणार?"

"का? तुम्ही सांगितलंत. आरसा तुम्ही हरवलात, पण विमान तुम्हीच थांबवलंत." मग आवाज पुन्हा कापणारा झाला. "उद्या एकला. जवळजवळ एकला नाही!"

विमानाच्या कागदावरची ताईची पहिली सही ती. तिने ती सावकाश, एकेक अक्षर जपून केली.

साडेसातला, अजून उजेड असताना, विमान उडालं. फाटकाशी आख्खं घर माना वर करून उभं होतं. ते नखाएवढं होईपर्यंत कुणी पापणी लववली नाही.

"साहेबांनी सही घेतली माझी," ताई म्हणाली.

"पास झालीस?" लेकीने टाळी वाजवली.

"नाही गं. हरवल्याच्या कागदावर."

सासूबाईंनी विचार केला. "पण विमानाच्याच ना?"

"विमानाच्याच."

"मग झालं तर!"

आता घरी जायचं. नवऱ्याने बसचा आरसा परत लावायला घेतला आणि थांबला. चार स्क्रू हवे होते. होते तीन. "असू दे," तो म्हणाला, "तिनांवर भागेल."

"कुणी जागचं हलायचं नाही!" ताई कडाडली. तो आवाज ऐकून पहारेकरीसुद्धा आपल्या खुर्चीत ताठ बसला.

आणि मग सगळं घर गुडघ्यांवर! सासूबाई पदर खोचून बसखाली, लेक बाहुलीच्या आरशाने चाकामागे बघतेय, नवरा मान खाली घालून सगळ्यांच्या मागे. दहा मिनिटांनी ताईने वर बघितलं, तर नवऱ्याचा हात स्वतःच्या शर्टाच्या खिशात होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने सासूबाईंकडे, म्हणजे आपल्या आईच्या मातीने भरलेल्या लुगड्याकडे, एकदा बघितलं. मग हळूच हात बाहेर काढला, खाली सोडला आणि ओरडला, "सापडला! इथेच होता!"

ताईने सगळं बघितलं होतं. तिने स्क्रू घेतला आणि आरसा आवळला. विमानाचा कायदा वेगळा. संसारात प्रत्येक गोष्टीचा कागद भरत बसलं, तर माणूस घरी कधी पोचणार!