तीन पोती आणि दोन अक्षरं

"परवा सकाळी रद्दी न्यायला माणूस येतोय," आईनं बजावलं. "तुझ्या बाबांची खोली मला रिकामी हवी. वर्ष होत आलं."

मुलीनं मान डोलावली आणि कपाट उघडलं. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि फेकून देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. रेडिओंच्या आतल्या तारांचे नकाशे, जुनी कॅलेंडरं, औषधांची खोकी, कधीच मेलेल्या इस्त्रीची माहितीपुस्तिका. प्रत्येकावर वर उजव्या कोपऱ्यात तीच दोन हिब्रू अक्षरं, निळ्या शाईत. लहानपणी तिला ती बाबांची सही वाटायची.

आता ती वाचता येत होती, तीही नुकतीच. बाबा गेल्यावर तिनं सिनेगॉगमधल्या मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं होतं. आपण ज्यू म्हणजे नेमके कोण, कुठून आलो, हे बाबांना विचारायचं राहूनच गेलं होतं. वर्गाचा निम्मा वेळ उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय करण्यातच जायचा. गेल्याच आठवड्यात सरांनी नेमकी ती दोन अक्षरं फळ्यावर काढली होती. अर्थ, देवाच्या मदतीनं.

"देवाचं नाव असलेला कागद आपण फेकत नाही," सर म्हणाले होते. "कपाटात जपून ठेवतो आणि मग मातीत पुरतो, माणसासारखा. या दोन अक्षरांत पूर्ण नाव नाही, पण काही जुनी माणसं तेवढ्यालाही जपतात."

मुलीला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तीन पोती रिक्षात घालून ती वर्गात हजर झाली.

तिथं आणखीच पंचाईत. तिनं फोनवर जिला हे सांगितलं होतं ती वर्गातली दातांची डॉक्टर आजोबांची ट्रंक घेऊन आली होती. तिच्याकडून कळलं म्हणून निवृत्त बँकवाले दोन सुटकेसी घेऊन आले होते. जुन्या पोथ्यांचं कपाट केव्हाच भरलं, बाकांवर खोकी चढली आणि सर फळ्यापाशी भिंतीला चिकटून उभे राहिले.

सिनेगॉगच्या किल्ल्या सांभाळणारे किल्लीकाका दारातच अडकले. त्यांनी पोत्यातून हाताला लागलं ते ओढून काढलं.

"वॉशिंग मशीन कसं वापरावं! हे पुरायचं? अहो, कब्रस्तानात माणसांना जागा नाही!"

"पण काका, त्यावर अक्षरं आहेत."

"मग मशीनसुद्धा आणायचं होतंस!"

"आणलं असतं तर बरं झालं असतं," मागून आईचा आवाज आला. तिच्या सपाता ओल्या होत्या. "घरभर पाणी झालंय आणि या बाईनं चालू मशीनची पुस्तिका देवाला वाहिलीय. द्या इकडे."

"वहिनी, एक मिनिट," सर हळुवारपणे म्हणाले. "तुमच्या यजमानांची श्रद्धा बघा. साध्या पुस्तिकेवरही त्यांनी देवाचं स्मरण केलं. केवढी जुनी परंपरा ही!"

"कसली परंपरा?" आई हसायलाच लागली. "मी साफसफाई काढणार म्हटलं, की हे पेन घेऊन बसायचे. सगळ्यावर ती दोन अक्षरं काढायची आणि मला म्हणायचं, आता हात लावून दाखव!"

वर्ग खो खो हसला. मुलगी हसली नाही.

"तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? शाई ओली असायची." आईनं पुस्तिकेवरून अंगठा फिरवला. "मी आपली म्हणायची, बरं बाई, देवाचं नाव आहे. ठेवून द्यायची."

सरांनी घसा साफ केला. "मग प्रश्नच मिटला. हे बिनदिक्कत रद्दीत द्या."

काकांनी दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले. मुलीनं मुकाट्यानं पोत्यांची तोंडं बांधली. पुरायचं म्हटलं असतं, तर बाबांचे कागद निदान कुठे आहेत ते तरी माहीत असतं. परतीच्या रिक्षात मायलेकी पोत्यांच्या दोन बाजूंना बसल्या.

सकाळी बेल वाजली तेव्हा पोती दाराशीच होती. माणूस आत आला, पहिल्या पोत्याला हात घातला आणि दचकून मागे झाला. त्याचा पंजा काळाकुट्ट झाला होता.

मुलीनं वाकून पाहिलं. तिन्ही पोत्यांवर, रेडिओच्या पेट्यांना लावायच्या काळ्या रंगानं, हातभर मोठी दोन अक्षरं काढली होती. वेडीवाकडी, आणि डावीकडून उजवीकडे.

"आई, हे तू..."

"मग? एकेका कागदावर लिहीत बसायला मी काय तुझे बाबा आहे?"

तिनं त्या माणसाला साबण दिला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "तुम्हाला उगाच खेप पडली हो. पण हे नाही देता येणार. आमच्यात चालत नाही."