कोण आपण? काय काम? कुठवर?

मल्लिनाथअण्णांनी मला "कोण आपण?" असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा राग आला नाही. दुसऱ्यांदा मात्र आला, कारण आठच दिवसांपूर्वी माझ्या लग्नात ते दोनदा जिलेबी मागून जेवले होते.

सोलापुरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कुणाला कशात शिरता येईल, हे अण्णा ठरवत. लॉगिन हवं असेल तर त्यांच्या टेबलासमोर उभं राहून तीन उत्तरं द्यायची. कोण आपण, काय काम, आणि परवानगी कुठवर.

एकदा मालकांनी फोन बदलला आणि त्यांचंच लॉगिन अडकलं. अण्णांबरोबर चहा पिऊन त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती.

"कोण आपण?"

"अहो अण्णा, मी मालक!"

"ते मला ठावं हाय. मशीनला न्हाय की ठावं. ओळखपत्र आणा."

मालक मुकाट घरी गेले.

प्रत्येक प्रोग्रॅमरला कामाचं सगळं सामान कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या स्वतंत्र कप्प्यात बंद करून देणं, हेही अण्णांचंच काम. कंटेनरला ते डबा म्हणत. "भाकरी तुजी, शेंगाचटणी तुजी, डबाबी तुजा. शेजारच्या डब्यात हात घालायचा न्हाय!" मालकांच्या मेहुण्याला एकदा आमचं काम नुसतं बघायचं होतं. अण्णा म्हणाले, "नुसतं बघाय ही काय सिद्धेश्वराची जत्रा हाय?"

नोकरी सोडणाऱ्याचं खातं शेवटच्या दिवशी सहाच्या ठोक्याला बंद. मग तो निरोपाचा पेढा खात का असेना.

गेल्या महिन्यात अण्णाच निवृत्त झाले आणि त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. सहाला पाच कमी असताना ते गळ्यातल्या हारासकट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"इचार की, पोरी."

"काहीतरीच काय, अण्णा!"

"इचार."

"कोण आपण?"

"मल्लिनाथ."

"काय काम?"

अण्णा हाराचा दोरा चाचपत राहिले. "नुसतं बघायचं हाय," ते म्हणाले. "घरात बोलाय कुणी न्हाय. सकाळी उठून बघीन, कुणाचा डबा चालू, कुणाचा बंद. हात लावनार न्हाय."

मी तिसरा प्रश्न विचारला, "कुठवर?"

"तू हितं हाईस तवर."

सहा वाजले. मी खातं बंद केलं. दुसरं काही केलं असतं तर त्यांनी मला आयुष्यभर माफ केलं नसतं. त्यांनी वाकून स्वतः पासवर्ड टाकून पाहिला. मशीननं आत घेतलं नाही.

"बराबर," ते म्हणाले. "लई बराबर केलंस." आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मला त्या दिवशी स्वतःचा फार राग आला.

आता दर रविवारी मी त्यांच्या घरी जाते. कडी वाजवली की आतून आवाज येतो, "कोण आपण? काय काम?"

"काही नाही अण्णा, नुसतं बघायला आले."

कुठवर, ते विचारत नाहीत. दार उघडतात आणि चहा टाकायला आत जातात.