सरोजक्काचं कपाट

पहिले पंधरा दिवस मी रोज सकाळी एका टेपरेकॉर्डरला नमस्कार करत होते.

मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर लाल खणाखाली काहीतरी चौकोनी झाकलेलं होतं. त्यावर जास्वंदीचं फूल, पुढ्यात निरांजन, आणि शेजारच्या खाटेवर राखण करत बसलेली सरोजक्का. सांगलीहून आलेल्या सज्जन मुलीने याचा दुसरा काय अर्थ लावायचा? पहिल्या चाचणीच्या दिवशी तर मी जागच्या जागी गिरकी घेऊन प्रदक्षिणासुद्धा घातली.

मग एका सकाळी लाईट गेले, आणि परत आले ते नेमके मी डोळे मिटून उभी असताना. देव खरखरला आणि खणखणीत कानडीत हुबळीच्या बाजारातला कांद्याचा भाव सांगू लागला. मी किंचाळले. सरोजक्का तोंडात ब्रश घेऊन धावत आली आणि खणाखाली हात घालून देवाला गप्प केलं.

"कोणाला सांगू नको, सरी? कळलं ना?" ती फेस सावरत म्हणाली. "टेपला सगळे हात लावतात. देवाला कोण लावतंय?"

माझी नात हा किस्सा ऐकून विचारते, "आजी, तू लहानपणी वेडी होतीस?" मी म्हणते, "लहानपणी नाही गं, कॉलेजात गेल्यावर झाले."

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. आमचं हॉस्टेल बंगळूरच्या कोरमंगलात होतं. तेव्हा ते इतकं सामसूम असायचं की संध्याकाळी रस्त्यावर कुत्रं दिसलं तरी सोबत वाटायची. एका खोलीत चौघी, आणि चौघींत एकच प्लग. सरोजक्का होसकोट्याची. तिचे पूर्वज शिवाजीच्या वेळचे इकडे आलेले, असं ती सांगायची, आणि मराठी अशी बोलायची की पहिल्या आठवड्यात मला वाटलं ही माझी थट्टा करतेय. डिप्लोमा करून इंजिनियरिंगला आल्यामुळे ती आमच्याहून मोठी, म्हणून सगळ्या हॉस्टेलची अक्का. बुटकी, गुटगुटीत, गुडघ्यापर्यंत वेणी, आणि परकराच्या नाडीला किल्ल्यांचा जुडगा. ती जिन्यावरून उतरली की वॉर्डनबाईच आल्या असं वाटून मुली पुस्तकं उघडायच्या.

तिचं आवडतं वाक्य एकच: "मला स्वल्प डौट येतं." तो डौट, म्हणजे संशय, माणसावर यायचा, मांजरावर यायचा, सांबारावरही यायचा.

महागाच्या वस्तू कशा सांभाळाव्यात याचं तिचं स्वतःचं शास्त्र होतं. टेप किंवा त्यातला रेडिओ वाजवून झाला की ती वायरीची थ्री-पिन काढून पर्समध्ये टाकायची; त्या सकाळी लाईट गेले म्हणून तेवढी विसरली. "आता चोरून नेला तर काय, नुसता डबा." रेडिओचे सेल टिकल्यांच्या डबीत असायचे. कॅल्क्युलेटर होता कापसाच्या पुडक्यात, आणि ते पुडकं अशा जागी, की कुठलाही पुरुष चोर तिथे हात घालायला लाजला असता. आणि सर्वांत वरचा उपाय म्हणजे चिकटपट्टी. नव्याकोऱ्या वस्तूवर ती मळकी चिकटपट्टी मारायची आणि वर कानडीत लिहायची, 'केट्टिदे'. म्हणजे, बिघडलंय.

आता माझ्याकडे वळू. मस्कतच्या मामाने मला वॉकमन आणला होता. तो मिळाल्यापासून मी जमिनीवर चालत नव्हते. हेडफोन गळ्यात घालून मी जेवायला जायची, लेक्चरला जायची, वाण्याकडे साबण आणायलाही जायची. सेल महाग, त्यामुळे ते बहुतेक वेळा नसायचेच. पण गाणं नाही म्हणून मान डोलवायची थांबले असते तर लोकांना वॉकमन दिसला कसा असता?

"नंदा," सरोजक्का एकदा म्हणाली, "तू सेल न घालता डोलतीस गे. चोर बघेल तर म्हणेल, इच्या डोक्यापेक्षा ते मशीन बरं."

त्याच दुपारी तिने माझ्या वॉकमनवर चिकटपट्टी मारली. निळ्या चकचकीत झाकणावर 'केट्टिदे'. मी रात्रभर तिच्याशी बोलले नाही.

आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या दीपाचा घड्याळवाला रेडिओ नाहीसा झाला.

हॉस्टेल हादरलं. जी ती दुसरीच्या उशीकडे बघू लागली. सरोजक्काला मात्र एकदम तेज चढलं. खाटेवर मांडी घालून ती संशयितांची हजेरी घेऊ लागली. दूधवाला: "रोज हसतंय. पगार नसताना इतकं कोण हसतंय गे?" वॉर्डनबाई: "हातात घड्याळ नाही, तरी आठ वाजता बरोबर गेट लावते. कसं समजतं?" शेवटी मी: "इचा मामा मस्कतमध्ये आहे. मस्कतमध्ये काय करतंय, कोणाला गोत्ता?"

"मामा फ्रीज दुरुस्त करतो!" मी ओरडले.

"असं तो सांगतो," सरोजक्का शांतपणे म्हणाली.

मीही काही कमी नव्हते. मला स्वतःच्या बुद्धीचा भारी अभिमान. मी खोलीच्या दाराशी पावडर भुरभुरून पावलांचे ठसे घ्यायला बघितलं. सगळे ठसे माझेच निघाले.

तो रेडिओ मुळात चिकमगळूरला घरीच राहिला होता, हे दीपाने आम्हाला कॉलेज संपायच्या दिवशी सांगितलं, तेही हसत हसत. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक? एकेक करून मुली आपल्या वस्तू सरोजक्काच्या कपाटात ठेवू लागल्या. कुणाचा वॉकमन, कुणाचा कॅमेरा, कुणाची इस्त्री, कुणाचा हेअर ड्रायर. रोज संध्याकाळी आमची खोली म्हणजे दवाखाना व्हायचा. एकेकीला आत घ्यायचं, "बस गे स्वल्प" म्हणायचं, वस्तू उलटसुलट तपासायची. ते होईपर्यंत आलेली मुलगी बोलत बसायची. दीपाच्या आईच्या पोटात गाठ होती, ती तिथेच बसून रडायची. अक्का हेअर ड्रायर पुसत ऐकायची. मला अभ्यास करायचा असायचा, म्हणजे निदान तसं दाखवायचं असायचं, आणि मी चिडायची.

एक गोष्ट मला खटकत होती. होसकोटे बसने तासाभरावर. तरी शनिवार-रविवारी सगळं हॉस्टेल रिकामं व्हायचं आणि ही हलायची नाही. गौरीला नाही, गणपतीला नाही. विचारलं की कपाटाकडे बोट. "सामान कोण बघेल?"

बाई सामानाला इतकी चिकटून का? तिचाच शब्द मी तिला लावला. मला स्वल्प डौट येऊ लागलं.

मग आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, पण बंगळूरात त्या दिवशी चाकं, स्क्रू आणि वायर असलेल्या प्रत्येक वस्तूला कुंकू लागतं. बसच्या टायरखाली लिंबू, रिक्षाला केळीचे खांब, शिवणयंत्राला झेंडूची माळ. परीक्षा दसऱ्याला लागून आल्यामुळे आम्ही बहुतेक जणी हॉस्टेलवरच होतो. मेसमध्ये मोठं टेबल मांडलं आणि वॉर्डनबाई म्हणाल्या, सगळ्यांनी आपापली मशीनं आणा.

सरोजक्काची पंचाईत झाली. मशीन बाहेर काढायचं म्हणजे चोराला आमंत्रण, आणि पूजेला नाही काढलं तर मशीन रुसतं. शेवटी देवभोळेपणा जिंकला. ती कपाटातून एकेक वस्तू छातीशी धरून मेसमध्ये आणू लागली, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तशी. माझ्या वॉकमनच्या 'केट्टिदे'वर कुंकवाचं बोट ओढलं गेलं. तिचा स्वतःचा टेप आयुष्यात पहिल्यांदा उघडपणे, टेप म्हणून पुजला गेला.

पण पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती. दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, वापरायचं नाही. म्हणजे सगळ्या हॉस्टेलची दौलत रात्रभर मेसच्या टेबलावर, आणि मेसच्या दाराला कडीसुद्धा नाही. सरोजक्काला ताप भरायचाच बाकी होता.

सकाळी गेलो तर झेंडूचं एक फूलही हललेलं नव्हतं.

मुली हसल्या. "कसला चोर आणि कसलं काय, अक्का!" दीपा म्हणाली, आणि जिने तिने आपापली वस्तू टेबलावरून उचलून आपापल्या खोलीत नेली. मीही वॉकमन उचलला आणि चिकटपट्टी तिथल्या तिथे ओरबाडून काढली. सरोजक्का सगळ्यांना म्हणत होती, "न्या, न्या. माझ्या डोक्याला स्वल्प हलकं." कपाटात तिचे चार ड्रेस आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एवढंच उरलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी गणिताचा तास बुडवून दुपारीच हॉस्टेलवर आले. सगळीकडे शुकशुकाट. तळमजल्यावरच्या पॅसेजच्या टोकाला एक खिडकी होती. तिच्याखाली बादली उपडी घालून, वर चढून, हातात पक्कड घेऊन सरोजक्का खिडकीची कडी पिरगळत होती.

खोटं कशाला सांगू, मला प्रचंड आनंद झाला. सापडला! हॉस्टेलचा चोर सापडला, आणि तोही मला! दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली माझ्याकडे कशा बघतील हे मी त्या दोन क्षणांत बघूनही घेतलं.

"अक्का! काय करतेस?"

ती दचकली नाही. कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "कडी लई पक्की आहे गे. वाकतच नाही."

"अगं, पण चोर बाहेरून कडी तोडतो."

"बाहेरून बादली पुरत नाही."

"पण चोरायचंय काय तुला?"

"चोरायला आता काय आहे?" ती खाली उतरली आणि त्याच बादलीवर बसली. "सगळ्या घेऊन गेल्या की."

तिच्या हातातली पक्कड नुसती उघडत होती, मिटत होती.

"दीपाच्या आईचं ऑपरेशन झालं का गे?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मला पण नाही. आधी वॉकमन ठेवायला यायची, तर बसायची, सांगायची. आता जिन्यात 'हाय अक्का' म्हणून पळते."

"मग तू जा की तिच्या खोलीत."

"काय म्हणून जाऊ? काम नको?"

मग जे सुचायला नको होतं तेच मी बोलले. "शनिवारी घरी तरी जाऊन ये."

"वहिनी फार चांगली आहे," सरोजक्का म्हणाली. "मला बघितलं की चटई टाकते, प्यायला कापी देते. आई गेल्यापासून पाण्याचा लोटा पण मला घेऊ देत नाही. आमच्याच घरी मला 'बसा' म्हणते."

ती रडली वगैरे नाही. तिने फक्त जुडगा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला, बसताना टोचत होता म्हणून.

एकोणीस वर्षांच्या मुलीला अशा वेळी शहाण्यासारखं बोलता येत नाही. मी पुस्तकं खाली ठेवली, बादली जागेवर सरकवली आणि म्हणाले, "पक्कड तू धर, मी तुला धरते." दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा कुठे ती कडी वाकली.

संध्याकाळी मेसमध्ये मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्या कानडीत जाहीर केलं, की पॅसेजच्या खिडकीची कडी वाकवलेली आहे, आणि वाकवताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. एक अक्षर खोटं बोलले नाही. दीपाच्या हातातला भाताचा घास तसाच राहिला.

जेवणं उरकायच्या आत आमच्या खोलीबाहेर रांग लागली. सरोजक्का दोन्ही पाय खाटेवर घेऊन बसली होती, चेहरा गंभीर. एकेकीला आत घेत होती, उलटसुलट तपासत होती. दीपा सगळ्यांत जास्त वेळ बसली. आईची गाठ साधी निघाली होती.

शेवटी मी वॉकमन घेऊन पुढे झाले. दारात अजून दोघी-तिघी रेंगाळत होत्या, त्यामुळे सरोजक्काने मलाही सोडलं नाही.

"तू बघितलीस म्हणे चोराला. एकटाच होता काय?"

"आधी एकटाच होता, अक्का," मी म्हणाले. "मग एक बावळट मिळाली जोडीला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग वॉकमन हातात घेतला, खाटेवर जरा सरकली आणि उशी बाजूला करून माझ्यासाठी जागा केली.